पत्रा, प्लाय आणि जिप्सम: हलक्या भिंतीतून येणारा आवाज कसा अडवायचा?

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या जुन्या गावांमध्ये अजूनही धाब्याची घरं दिसतात. मातीच्या दीड-दोन फुटी भिंती, वर माळवद. बाहेर पोळ्याची वाजंत्री चालू असली तरी मधल्या खोलीत आजोबा निवांत झोपलेले असायचे. आता बघा, स्लॅबवर पत्र्याचं शेड, दुकानाच्या वरच्या मजल्यावर प्लायचं पार्टिशन, ऑफिसात जिप्सम बोर्ड, एमआयडीसीत पफ पॅनलच्या केबिन. सगळं हलकं, झटपट आणि खिशाला परवडणारं. फक्त शेजारी कोणी शिंकलं तरी इकडे कळतं!

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो चुलत भावामुळे. तो बुलढाणा शहरात अभ्यासिका सुरू करतोय. दुसऱ्या मजल्यावरचा हॉल, वर पत्रे, एका बाजूला कोचिंग क्लास आणि मध्ये फक्त प्लायचं पार्टिशन. तिकडचे सर माईकवर शिकवतात. एमपीएससी आणि पोलीस भरतीची मुलं महिन्याची फी कशाची देतात? शांततेची. घरी टीव्ही, पाहुणे, लहान भावंडं, म्हणून तर ती अभ्यासिकेत येतात. भावाने मला ऑनलाइन मिळणाऱ्या, काळ्या टोकदार फोमच्या लाद्यांचा फोटो पाठवला आणि विचारलं, "दादा, भिंतीले हा फोम मारून देतो, मंग त आवाज येणार नाही ना?"

येणार. आणि का येणार, हे कळलं की अर्धा विषय समजला.

फोम आवाज पुसतो, अडवत नाही

आवाजाच्या बाबतीत दोन वेगळी कामं असतात. एक, खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज कमी करणं. दुसरं, या खोलीतला आवाज त्या खोलीत जाऊ न देणं. फोम, पडदे, गाद्या, कार्पेट ही सगळी पहिल्या कामाची मंडळी. त्यांच्या बारीक छिद्रांमधून हवा ये-जा करते, त्या घासण्यात आवाजाची ऊर्जा थोडी थोडी उष्णतेत बदलते आणि घुमणं कमी होतं. यूट्यूबवाले खोलीत फोम लावतात तो त्यांचा आवाज स्वच्छ रेकॉर्ड व्हावा म्हणून, शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून नाही.

पण ज्यातून हवा आरपार जाते, त्यातून आवाजही जातो. शेतात साचलेलं पाणी पोत्याने टिपता येतं, पण ओढ्याला आलेलं पाणी पोतं अंथरून अडत नाही. तिथे बांधच लागतो. त्या लाद्यांवर 'साऊंडप्रूफ' लिहिलेलं असतं, ते वाचून सोडून द्यायचं.

भिंतीचं वजन आणि ६ डेसिबलचं गणित

आवाज भिंतीवर आदळतो तेव्हा तो भिंतीला हलवायला बघतो. भिंत हलली की तिच्या पलीकडची हवा हलते आणि आवाज पलीकडे पोचतो. भिंत जितकी जड, तितकी ती कमी हलते. याला मास लॉ म्हणतात. त्याचा सोपा अर्थ असा: भिंतीचं दर चौरस मीटर वजन दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल जास्त आवाज अडतो. कानाला आवाज 'अर्धा झाला' असं वाटायला साधारण १० डेसिबलचा फरक लागतो, म्हणजे वजन दुप्पट करूनही अर्धी शांतता मिळत नाही.

आता आकडे बघा. अर्धा मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा दर चौरस मीटरला जेमतेम ४ किलो भरतो. १२ मिलिमीटरचा प्लाय ७-८ किलो. १२.५ मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड साधारण ९ किलो. दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली नऊ इंची विटांची भिंत साडेचारशे-पाचशे किलो. आणि दीड फुटाची मातीची भिंत? सातशे-आठशे किलो. आजोबांच्या झोपेचं रहस्य एवढंच.

४ किलोच्या पत्र्यापासून विटांच्या भिंतीपर्यंत जायचं तर वजन सात वेळा दुप्पट करावं लागतं. दुसऱ्या मजल्यावर, भाड्याच्या हॉलमध्ये, ते शक्यच नाही. स्लॅबला तेवढं ओझं झेपेल का, हाही प्रश्न आहेच.

मास लॉचा दुसरा अर्धा भाग जास्त त्रासदायक आहे. आवाजाची वारंवारिता अर्धी झाली की अडवण्याची ताकदही साधारण ६ डेसिबलने घटते. १००० हर्ट्झच्या आवाजाला भिंत जितकं अडवते, त्यापेक्षा डीजेच्या ६० हर्ट्झच्या आसपासच्या दणक्याला सुमारे २४ डेसिबल कमी अडवते. वरात लांब गेली तरी गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत, फक्त धुम-धुम येतं, ते यामुळेच.

एकाच्या दोन भिंती करा

मग कमी वजनात जास्त शांतता कशी मिळवायची? याचं उत्तर तुम्ही शेगाव किंवा मलकापूर स्टेशनवर अनुभवलेलं आहे. शेजारून मालगाडी जात असताना स्लीपरच्या डब्यात खिडकी बंद करून बसा आणि मग एसीच्या डब्यात बसून बघा. एसीच्या डब्याच्या भिंती काही विटांच्या नाहीत. तिथे खिडकीला दोन काचा आहेत, मध्ये जागा आहे, आणि सगळं घट्ट बंद आहे.

समजा एक पातळ भिंत २० डेसिबल अडवते. तशीच दुसरी तिला चिकटवली तर वजन दुप्पट, म्हणजे २६ डेसिबल. पण तीच दुसरी भिंत पहिलीला अजिबात न टेकवता, लांब उभी केली तर? पहिली २० कमी करते, उरलेल्यातून दुसरी आणखी २० कमी करते. ४०! वजन तेवढंच. मला प्रोग्रामर म्हणून हे फार आवडतं, कारण साहित्यात काही बदललं नाही, फक्त रचना बदलली.

अर्थात 'अजिबात न टेकवता' हे बोलायला सोपं आहे. प्रत्यक्षात तीन गोष्टी आड येतात.

पहिली म्हणजे मधली हवा. दोन बोर्डांच्या मध्ये अडकलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. दोन वजनं आणि मध्ये स्प्रिंग, म्हणजे एका ठराविक वारंवारितेला हे सगळं झुल्यासारखं डोलणार. यालाच रेझोनन्स किंवा अनुनाद म्हणतात. दोन्हीकडे एकेक जिप्सम बोर्ड आणि मध्ये ५० मिलिमीटर जागा असेल तर हा अनुनाद साधारण १२५ हर्ट्झला येतो. त्या आसपास दुहेरी भिंत एकेरीपेक्षाही वाईट वागू शकते, फायदा त्याच्या बराच वर गेल्यावर सुरू होतो. दोन्हीकडे दोन-दोन बोर्ड लावले आणि मधली जागा १०० मिलिमीटर केली तर अनुनाद ६५ हर्ट्झच्या खाली सरकतो. म्हणून कारागीर "जागा कशाला वाया घालवता" म्हणाला तरी मधली जागा कमी करू देऊ नका. इथे रिकाम्या जागेलाच पैसे मोजतोय आपण.

दुसरी, मधली पोकळी. रिकाम्या डब्यासारखी ती घुमते. त्यासाठी आत ग्लासवूल किंवा रॉकवूल भरतात. इथे मात्र सच्छिद्र वस्तूचं काम बरोबर जागी येतं, बांधाच्या आतलं पाणी टिपायला. थर्माकोल भरून उपयोग नाही. त्यातली छिद्रं बंद असतात, हवा आत शिरतच नाही, त्यामुळे उष्णता अडते पण आवाज शोषला जात नाही. शिवाय तो पटकन पेटतो. एकच जिना असलेल्या हॉलमध्ये भिंतीत थर्माकोल किंवा उघडा फोम असणं ही आवाजापेक्षा मोठी काळजी आहे. रॉकवूल जळत नाही. फक्त बसवताना मास्क आणि हातमोजे घालायचे, नाहीतर दोन दिवस अंग खाजतं.

तिसरी, चौकट. दोन्ही बाजूंचे बोर्ड एकाच जीआय चॅनलला स्क्रू केले की तो चॅनल पूल बनतो आणि आवाज हवेच्या वाटेने न जाता लोखंडाच्या वाटेने आरामात पलीकडे जातो. उपाय म्हणजे दोन वेगळ्या चौकटी, एकमेकींना न टेकणाऱ्या. जागा नसेल तर बोर्ड आणि चौकटीच्या मध्ये रबरी पॅडचे क्लिप किंवा लवचीक पट्ट्या.

या सगळ्याचा हिशेब साधारण असा बसतो. चौकटीच्या दोन्ही बाजूंना एकेक जिप्सम बोर्ड, आत रिकामं: ३५ डेसिबलच्या आसपास. आत ग्लासवूल भरलं की ४० च्या जवळ. दोन्हीकडे दोन-दोन बोर्ड आणि आत ग्लासवूल: ५० च्या आसपास, म्हणजे जवळपास नऊ इंची विटांच्या भिंतीइतकं. आणि वजन? ४०-४५ किलो. विटांच्या भिंतीच्या दहाव्या हिश्श्यात! हे आकडे नीट बसवलेल्या भिंतीचे आहेत आणि मुख्यतः बोलण्याच्या आवाजाला लागू होतात. खालच्या दणक्याला विटांची भिंतच भारी पडते.

पफ पॅनलचं काय, असं बरेच जण विचारतात. दोन पत्रे आणि मध्ये फोम, म्हणजे दुहेरी भिंतच की! पण तो फोम कडक असतो आणि दोन्ही पत्र्यांना चिकटलेला असतो. तो हवेपेक्षा कितीतरी ताठ स्प्रिंग झाला. त्यामुळे अनुनाद वर सरकून नेमका माणसाच्या बोलण्याच्या पट्ट्यात येतो. ५० मिलिमीटरचं पफ पॅनल २५ डेसिबलच्या आसपासच अडवतं. कोल्ड स्टोरेजसाठी उत्तम, अभ्यासिकेसाठी नाही. त्याच पॅनलमध्ये रॉकवूल असेल तर परिस्थिती बरी असते.

आता कूलरचं भोक

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे. भिंत कितीही भारी बांधा, तिच्या क्षेत्रफळाच्या १ टक्का उघडं राहिलं तर ती २० डेसिबलच्या वर जाऊच शकत नाही. ०.१ टक्का उघडं राहिलं तर ३० डेसिबलची मर्यादा. दाराखाली राहणारी बोटभर फट घ्या. ९० सेंटिमीटर रुंद दार, १ सेंटिमीटर फट. ९ चौरस मीटरच्या भिंतीत हे नेमकं ०.१ टक्का होतं. म्हणजे ५० डेसिबलची भिंत त्या फटीमुळे ३० ची झाली. जुन्या घरांना उंबरठा असायचा. टाइल्सच्या जमान्यात तो गेला आणि त्याच्या जागी ही फट आली. दाराला खाली रबरी पट्टी, चारी बाजूंनी गॅस्केट, बोर्डच्या कडांना ॲक्रेलिक सीलंट, आणि समोरासमोर बसवलेले स्विचबोर्ड असतील तर ते सरकवणं. खर्च सगळ्यात कमी, फरक सगळ्यात जास्त.

पण आपल्याकडे खरी अडचण उन्हाळ्याची. एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली कूलरशिवाय कोण बसेल? आणि कूलरला तर खिडकी उघडी लागते. दोन फूट बाय दोन फुटाचं भोक, १२ चौरस मीटरच्या भिंतीत, म्हणजे ३ टक्के. त्या भिंतीची कमाल मर्यादा १५ डेसिबल. रस्त्याच्या बाजूला कूलर लावला की रस्त्याच्या बाजूची भिंत असून नसल्यासारखी. आणि हवा बाहेर जायलाही वाट द्यावी लागते, नाहीतर नुसता दमटपणा.

यावर दोन उपाय आहेत. कूलर शांत बाजूला नेणं हा पहिला आणि स्वस्त. दुसरा म्हणजे हवेला वळणं देणं. कूलरपासून आत येणारा डक्ट सरळ न ठेवता त्याला एक-दोन काटकोन द्यायचे आणि आतून कापडाने झाकलेल्या ग्लासवूलचं अस्तर लावायचं. हवा वळून येते, आवाज मात्र प्रत्येक वळणावर अस्तरावर आदळून थकतो. जनरेटरच्या खोलीला हवा देताना असंच करतात. भावाच्या हॉलला मागच्या बाजूने मोकळा बोळ आहे, त्यामुळे त्याचं काम पहिल्या उपायावर भागलं.

पत्र्यावरचा पाऊस

पाऊस हा वेगळाच प्रकार. इथे आवाज बाहेरून येत नाही, पत्राच स्पीकर होतो. प्रत्येक थेंब म्हणजे ताशावर पडलेली काडी. त्यामुळे इथे पहिलं काम पत्र्याचं थरथरणं मारणं. तुमच्या कारच्या दारावर टिचकी मारून बघा. स्वस्त गाडीत 'टण' वाजतं, महागड्या गाडीत 'धप'. दाराच्या आतून चिकटवलेल्या डांबरी शीटमुळे हा फरक पडतो. ती शीट पत्र्याच्या कंपनाची ऊर्जा आतल्या आत जिरवते. छताच्या पत्र्याला तसाच थर देता येतो, पण विदर्भातल्या उन्हात साधी डांबरी शीट सुटून लोंबू शकते, म्हणून जास्त तापमान सहन करणारी बघून घ्या.

दुसरं काम, खाली फॉल्स सीलिंग. मध्ये भरपूर जागा, वर ग्लासवूलचा थर आणि सीलिंग टांगायला रबरी हँगर. लोखंडी सळईने थेट पत्र्याच्या कैचीला टांगलं तर थेंबांची थरथर सळईवाटे सीलिंगमध्ये उतरते. याचा जोडफायदा असा की मे महिन्यात डोक्यावरची भट्टीही कमी होते. मला विचाराल तर पत्र्याखाली राहणाऱ्यांनी एवढा एकच खर्च केला तरी चालेल.

फोनने मोजा, पण असं

प्ले स्टोअरवर साऊंड मीटरची ढीगभर ॲप्स आहेत. ती दाखवतात तो '६२ डेसिबल' हा आकडा फार मनावर घेऊ नका. प्रत्येक फोनचा माईक वेगळा, आणि अँड्रॉइडमध्ये कंपन्या त्यावर आपापली प्रोसेसिंग करतात. पण आपल्याला एकटा आकडा नकोच आहे, आपल्याला फरक हवाय. फोन सगळीकडे ५ डेसिबल जास्त दाखवत असेल, तर वजाबाकीत ती चूक आपोआप निघून जाते.

जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स हे मोफत ॲप आहे. त्यात ठराविक वारंवारितेचा सूर काढता येतो आणि आवाजाचा स्पेक्ट्रमही बघता येतो. एका फोनला ब्लूटूथ स्पीकर जोडून पार्टिशनच्या पलीकडे सलग खरखर, म्हणजे पिंक नॉइज, वाजवा. दुसऱ्या फोनने आधी पलीकडच्या खोलीत मोजा, मग त्याच फोनने अलीकडे येऊन मोजा. तीन-चार जागी मोजून सरासरी काढा, फोन भिंतीपासून मीटरभर दूर धरा, पंखे बंद ठेवा. आवाज इतका मोठा हवा की अलीकडेही तो खोलीतल्या नेहमीच्या आवाजापेक्षा किमान १० डेसिबल वर राहील, नाहीतर तुम्ही भिंत नाही, बाहेरच्या रिक्षा मोजताय. दुरुस्तीच्या आधी आणि नंतर, तोच फोन, तीच जागा, तोच आवाज. पैसे कुठे कामी आले ते लगेच कळतं.

अजून एक देशी परीक्षा. रात्री पलीकडच्या खोलीत लाइट लावा आणि इकडे अंधार करा. जिथून उजेड दिसतो, तिथून आवाज येतो.

कापसाचा जिल्हा आणि प्रयोगशाळेतले पॅनल

बुलढाणा म्हणजे कापसाचा पट्टा. खामगाव, मलकापूर, नांदुरा ही नावं कापसाच्या बाजारासाठी जुनी. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाट्या उरतात. त्या चुलीत जातात किंवा बांधावर जाळल्या जातात. पूर्वी त्यांचाच कूड विणून वरून शेणामातीने लिंपायचे, तीही एक हलकी भिंतच होती. मुंबईच्या केंद्रीय कापूस प्रौद्योगिकी संशोधन संस्थेने, म्हणजे सिरकॉटने, पऱ्हाट्यांपासून पार्टिकल बोर्ड बनवण्याचं तंत्र विकसित केलंय. बोर्ड बांधासारखं काम करेल आणि कापसाचे टाकाऊ तंतू पोकळीत ग्लासवूलच्या जागी बसतील, ही कल्पना मला फार पटते. परदेशात जुन्या जीन्सच्या कापसापासून असं भरण विकलंही जातं. मात्र कापूस पेटतो, त्यामुळे त्याला बोरॅक्ससारख्या रसायनांची प्रक्रिया करावी लागते. घरी गोणीतला कापूस भिंतीत कोंबण्याचा प्रयोग नको.

खालच्या दणक्यावर मात्र संशोधक वेगळाच मार्ग शोधतायत. २००० मध्ये हाँगकाँगमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की पदार्थात छोटी छोटी 'झुलणारी वजनं' बसवली तर ठराविक वारंवारितेला तो पदार्थ आपल्या वजनाच्या मानाने कितीतरी जास्त आवाज अडवतो. जणू त्या वारंवारितेपुरता तो मास लॉ मोडतो. याला अकूस्टिक मेटामटेरियल म्हणतात. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठ आणि एमआयटीच्या संशोधकांनी विमानात वापरतात तशा मधमाशीच्या पोळ्यासारख्या पॅनलवर रबराचा पातळ पडदा ताणून बसवला. वजन किंचित वाढलं, पण कमी वारंवारितेचा आवाज साध्या पोळ्यापेक्षा खूपच जास्त अडला. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात हे यायला वेळ आहे.

तोपर्यंत डीजेवर इलाज भिंतीचा नाही, नियमाचा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरवर बंदी आहे (काही सणांचे दिवस सोडून). तक्रारीला ११२ नंबर आहे.

भावाने फोम मागवला नाही. क्लासच्या बाजूला, प्लायपासून सुटी अशी वेगळी चौकट उभी केली, आत रॉकवूल भरलं, अलीकडून दोन जिप्सम बोर्ड लावले आणि दाराला रबर बसवलं. आता तिकडचे सर बोलतायत एवढं कळतं, काय बोलतायत ते कळत नाही. पत्र्याखालच्या सीलिंगचं काम राहिलंय, ते जूनच्या आत करायचं ठरलंय.